मोंढ्यातलं वजन

नियमाचं पुस्तक पातळ, तेवीस पानांचं.
बोटांचं तेल लागून लागून
अकरावं पान आता आरपार दिसतं:
सर्व्हिस रायफल मिळाली तशीच राहील.
नळी तीच. माशी तीच. दस्ता लाकडाचा, तोही तोच.
आणि चाप दोन किलोच्या आत सुटता कामा नये.
एवढ्यात काय घडवायचं ते घडव, नागनाथ.

तर माझं घडवणं म्हणजे
फारसं काही न करणं.
दस्त्याला मंठ्याच्या घाण्यावरचं जवसाचं तेल,
अंगठ्यानं, थेंब थेंब, चार रात्री,
लाकूड पुरे म्हणेपर्यंत.
लाकूड आणि लोखंड जिथं टेकतात
तिथं कागदाचा कपटा सरकवून बघायचा,
कुठं अडतो,
कुठं उगाच वारा खेळतो.
अख्खा मराठवाडा सळईला जालन्यात येतो,
टनानं नेतो.
मी त्याच गावात बसून
केसाएवढ्या फटीशी भांडतो.

रायफल अनसूया गिरामची.
परतूरची पोरगी, दलात तिसरं वर्ष,
नेम धरते तेव्हा माशीसुद्धा हलत नाही,
रायफलीवरचीही आणि गालावरचीही.
म्हणाली, काका, चाप जरासा हलका करा ना,
कोण बघायलंय?
म्हटलं, वजन बघायलंय.

वजन म्हणजे अण्णांचं, बिडाचं, दोन किलोचं.
अण्णा मोंढ्यात मापाडी होते.
ज्वारी मोजताना एक म्हणायचे नाहीत,
म्हणायचे लाभ.
लाभ, मग दोन, मग तीन,
नाकातोंडात भुसा, पण आवाज देवळातला.
विजेचे काटे आले तेव्हा शेठनं
जुन्या वजनांची पेटी त्यांनाच देऊन टाकली.
मी चापाला त्यातलंच वजन टांगायचो.
चाप धरून राहायचा. मी पुस्तकात बरोबरची खूण करायचो.

स्पर्धा नऊ दिवसांवर.
काय मनात आलं कोण जाणे,
वजन रुमालात बांधलं आणि वजनमापेवाल्यांकडं नेलं.
साहेबानं काट्यावर ठेवलं, चष्मा वर केला:
एक किलो नऊशे बासष्ट.
झिजलं असेल, म्हणाला. जुनं आहे.

मी उलटं करून बघितलं.
बुडाशी शिशाचा ठिपका, त्यावर सरकारी छाप,
छापाच्या कडेला शिसं खरवडलेलं.
झीज गोल असते, साहेब. ही सरळ होती.
मी आयुष्यभर कानस धरलेला माणूस.
कानस कुठली ते सांगतो: अर्धगोल, बारीक दातांची.
हात कुणाचा, ते नाही सांगत.
शेठचा असेल.
शेठचाच असेल.

त्या रात्री शस्त्रागारात
पळीभर शिसं वितळवलं, त्या खड्ड्यात ओतलं,
थंड होईस्तोवर दाराकडं पाठ करून उभा राहिलो.
मग पुरं दोन किलो चापाला टांगलं.
कट्.
सुटला.

अडतीस ग्रॅम. मूठभर ज्वारीही नाही.
पण किती पोती, किती हंगाम,
मी हिशेब करू लागलो आणि मग सोडून दिला.
अनसूयेचा चाप पुन्हा खोलला,
पान अकरानं दिलेल्या वाटेनंच
जड केला.
दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.
पाचव्या दिवशी म्हणाली, जमतंय.
आठव्या दिवशी मोसंबी आणून टेबलावर ठेवल्या,
सहा, अर्धवट पिवळ्या.

तपासणीच्या टेबलाशी रांग.
पुढच्या दोन रायफली बाजूला काढल्या,
एकीचा दस्ता तासलेला, एकीचा चाप हलका.
मग हिची.
पंचानं नळी आभाळाकडं धरली,
आकडा चापात अडकवला,
वजन जमिनीवरून सावकाश उचललं गेलं,
हिंदकळलं,
थांबलं.
चाप धरून होता.

नंबर विचाराल तर चौथा आला.
मला आठवतं ते एवढंच:
पंच पुढच्या रायफलीकडं वळला
आणि माझ्या तोंडून, मोठ्यानं,
अण्णांच्या आवाजात निघालं,
लाभ.
अनसूयेनं वळून पाहिलं.
काय म्हणालात, काका?
काही नाही, म्हटलं. मोजत होतो.